सार्वजनिक ग्रंथालयांतील जालयंत्रें व त्यांची सालाबाद नेमणूक

देवालय बांधून देणाऱ्यानें त्याबरोबर दिवाबत्तीची सोय लावून दिली नाहीं, तर तें देवालय फार दिवस नांदत नाहीं, ही गोष्ट आमच्या पूर्वजांस पक्की ठाऊक होती. राष्ट्रकूट व शिलाहार राजांचे जे ताम्रपट उपलब्ध आहेत त्यांपैकीं कित्येकांत, देवालयास गांव अगर जमीन देतांना, पूजानैवेद्याबरोबर 'खण्डस्फुटितजीर्णोद्धार' हेंही कारण घातलेलें आढळतें. जें मोडेल, जें फुटेल, तें पुन्हां नीट करण्याचा खर्च दानाच्या दिवशींच बांधून दिलेला असे. मराठेशाहींतील सनदांत नंदादीप व नैवेद्य यांसाठीं सालाबाद नेमणूक करून दिल्याचे उल्लेख तर आमच्या वाचकांच्या नित्य पाहण्यांतले आहेत. एकवार दिलेली देणगी निराळी व सालाबाद चालणारी नेमणूक निराळी, हा भेद त्या कागदांवरून स्पष्ट होतो. प्रस्तुत लेखांत तोच भेद एका अलीकडील विषयास लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो विषय म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयांतील इंटरनेटची यंत्रसामग्री व तिचें वेळोवेळीं करावें लागणारें नूतनीकरण.

हा विषय यंत्रज्ञांचा, संशोधकांस त्याचें काय, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर दोन प्रकारें देतां येईल. एक तर ग्रंथसंग्रहांचा इतिहास हा आमच्या अभ्यासाचाच भाग आहे, आणि गेल्या तीस वर्षांत या संग्रहांवर जो सर्वांत मोठा खर्च नव्यानें पडला तो याच यंत्रांचा होय. दुसरें असें कीं, लंडनच्या किंवा अन्य दूरच्या संग्रहांतील पोथीची यादी अथवा छायाप्रत आज आपण घरबसल्या पाहतों, ती ज्या वाटेनें येते ती वाट हींच यंत्रें होत. वाट बुजली तर पोथी शाबूत असूनही ती आम्हांस नसल्यासारखीच होते. तसें खरोखरच घडलें आहे. त्याचा वृत्तांत पुढें येईल.

१. यंत्रें व त्यांचें आयुष्य

ग्रंथालयाच्या जाळ्याचे स्थूलमानानें दोन भाग पडतात. बाहेरून इमारतीपर्यंत येणारी वाट, आज बहुधा फायबरची, हा पहिला भाग. इमारतीच्या उंबऱ्यापासून वाचकाच्या हातांतील यंत्रापर्यंतची वाट हा दुसरा. या दुसऱ्या भागांत राउटर असतो, तो बाहेरच्या व आंतल्या रहदारीची सांगड घालतो. फायरवॉल असतो, तो वेशीवरील पहारेकऱ्याप्रमाणें येणाराजाणारा तपासतो. स्विच असतात, त्यांतून एका वाटेच्या अनेक वाटा फुटतात. भिंतींतून जाणाऱ्या तांब्याच्या तारा असतात. आणि छताशीं लाविलेले वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट असतात, ते तारेवांचून वाचकांस जाळ्याशीं जोडतात.

हीं सर्व यंत्रें एकमेकांवर अवलंबून आहेत, व त्यामुळेंच त्यांचें नूतनीकरण अवघड होतें. वाय-फायचें १९९९ सालीं प्रचारांत आलेलें प्रमाण सेकंदास ११ मेगाबिटांचें होतें. २००९ सालीं त्याची मर्यादा ६०० मेगाबिटांपर्यंत गेली. पुढें २०१३ व २०२१ सालीं आणखी नवीं प्रमाणें ठरलीं. नवा ॲक्सेस पॉइंट आणला कीं त्यास वीज अधिक लागते. ही वीज तारेतूनच पुरविण्याची जी पद्धति २००३ सालीं ठरली तिच्यांत स्विच एका जोडणीस सुमारें १५ वॅट देऊं शके. २००९ च्या प्रमाणांत ती मर्यादा ३० वॅट झाली. म्हणून ॲक्सेस पॉइंट बदलला कीं स्विच बदलावा लागतो. स्विच बदलला कीं भिंतींतील जुनी तार आड येते, कारण जी तार सेकंदास एक गिगाबिट नेण्यासाठीं घातलेली असते ती शंभर मीटरपर्यंत दहा गिगाबिट नेऊं शकत नाहीं. जुन्या तारेवरूनच अडीच गिगाबिट नेण्याचें प्रमाण २०१६ सालीं निघालें, तेव्हां कोठें कांहीं ग्रंथालयांच्या भिंती फोडण्यापासून वांचल्या. इतकें सर्व करूनही बाहेरून येणारी वाट अरुंद असेल तर आंतला खर्च व्यर्थ जातो.

यांत जुन्या इमारतींची अडचण आणखी वेगळी आहे. जाड दगडी भिंती व लोखंडी मांडण्या यांतून वाय-फायच्या लहरी नीट जात नाहींत. बडोद्याचें मध्यवर्ती ग्रंथालय ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस तेथील लोखंडी मांडण्यांच्या रांगा आठवतील. ग्रंथांच्या रक्षणास जी रचना उत्तम ती लहरींच्या आड येते, आणि अशा ठिकाणीं सपाट उघड्या दिवाणखान्यापेक्षां अधिक ॲक्सेस पॉइंट लावावे लागतात.

या यंत्रांचें म्हातारपण दिसून येत नाहीं, हा त्यांचा सर्वांत वाईट गुण होय. कसर लागलेली पोथी उघडतांच कळते. जुना झालेला फायरवॉल मात्र आपले हिरवे दिवे लुकलुकत ठेवून चालूच असतो. बनविणाऱ्या कंपनीनें त्यासाठीं सुधारणा पुरविणें बंद केलें, म्हणजे त्यांतील उघडकीस आलेलीं छिद्रें बुजविणारा कोणी राहत नाहीं. त्या दिवशीं तें यंत्र खऱ्या अर्थानें मोडतें. परंतु तो दिवस कोणाच्या वहींत लिहिलेला नसतो.

२. पूर्वपीठिका : पुस्तकांवांचून इमारत

सार्वजनिक ग्रंथालयांच्या इतिहासांत हा प्रश्न नवा नाहीं. इंग्लंडांत विल्यम युअर्ट यांच्या खटपटीनें १८५० सालीं जो सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यांत दहा हजारांवर वस्तीच्या शहरांस पौंडामागें अर्धा पेनी कर ग्रंथालयासाठीं बसविण्याची मुभा होती. त्या पैशांतून इमारत उभारावी, नोकर ठेवावे; पुस्तकें मात्र घेतां येत नसत. पुस्तकें लोकांच्या देणगीनें येतील असें कायदा करणारांनीं गृहीत धरिलें होतें. तें गृहीत चुकीचें होतें हें लवकरच ध्यानांत आलें. १८५५ च्या कायद्यानें कर एक पेनीपर्यंत वाढविला व त्यांतून पुस्तकें घेण्याची परवानगी दिली. ही एका पेनीची मर्यादा १९१९ पर्यंत टिकली.

अँड्र्यू कार्नेगी यांनीं या प्रश्नाचा उलगडा वेगळ्या रीतीनें केला. अमेरिकेंत त्यांच्या द्रव्यानें १६७९ सार्वजनिक ग्रंथालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. परंतु इमारतीचा पैसा मागणाऱ्या गांवास ते दोन अटी घालीत. जागा गांवानें द्यावी, आणि देणगीच्या दशांशाइतकी रक्कम दरसाल ग्रंथालयाच्या चालू खर्चासाठीं कराच्या उत्पन्नांतून देण्याचा ठराव करावा. दहा हजार डॉलर पाहिजेत तर दरसाल एक हजार डॉलरांचें वचन द्यावें, असा हिशेब होता. सनदेंत जीर्णोद्धाराचें कलम घालण्याचीच ही रीत होय. तथापि वचन देणारीं सर्वच गांवें तें पाळीत होतीं असें नाहीं. १९१६ सालीं अल्विन जॉन्सन यांनीं कार्नेगी कॉर्पोरेशनला जो अहवाल दिला, त्याचा रोख असा होता कीं, इमारती वाढविण्यापेक्षां शिकलेले ग्रंथपाल तयार होणें अधिक अगत्याचें आहे. त्यानंतर इमारतींच्या नव्या देणग्या थांबल्या.

आमच्याकडे बडोद्याचें उदाहरण सर्वांस अभिमानास्पद आहे. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनीं अमेरिकेंतील ग्रंथालयें स्वतः पाहून १९१० सालीं विल्यम अ. बोर्डेन यांस बडोद्यास आणविलें व संस्थानभर ग्रंथालयांची व्यवस्था बसविली. तिच्यांत दोन गोष्टी विशेष लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली, ग्रामग्रंथालयाच्या खर्चाचे तीन सारखे वांटे केले होते : एक गांवकऱ्यांनीं जमवावा, एक प्रांतपंचायतीनें द्यावा, एक सरकारनें द्यावा. दुसरी, पुस्तकांच्या पेट्या खेड्याखेड्यांतून फिरत ठेवणारीं फिरतीं पुस्तकालयें. म्हणजे मध्यवर्ती सांठा, त्यांतून निघणाऱ्या वाटा व शेवटीं वाचक, हें जें जाळ्याचें स्वरूप आज आपण तारांत पाहतों, तें बडोद्यास लांकडी पेट्यांच्या रूपानें अगोदरच उभें होतें. आणि ग्रामग्रंथालयाच्या खर्चांतील तिन्ही वांटेकऱ्यांचा वांटा एकवारचा नसून दरसालचा होता.

३. इंग्लंडची एकवारची देणगी

आतां प्रस्तुत विषयाकडे वळूं. इंग्लंडांत १९९७ सालीं मॅथ्यू इव्हन्स यांच्या अध्यक्षतेखालील मंडळानें, सर्व सार्वजनिक ग्रंथालयें जाळ्यानें जोडावीं, अशी सूचना करणारा अहवाल प्रसिद्ध केला. 'पीपल्स नेटवर्क' या नांवानें ती योजना पुढें ओळखली गेली. राष्ट्रीय सोडतीच्या उत्पन्नांतून यंत्रसामग्रीसाठीं १० कोटी पौंड व ग्रंथालयांतील नोकरवर्गाच्या शिक्षणासाठीं २ कोटी पौंड देण्यांत आले. २००२ सालच्या अखेरीस हें काम बहुतेक पुरें झालें. चार हजारांहून अधिक ग्रंथालयांत मिळून सुमारें तीस हजार संगणक वाचकांसाठीं मांडले गेले. योजना ठरल्या वेळीं पार पडली, आणि नोकरांस शिकविण्याची तरतूद यंत्रांबरोबरच केली, हे तिचे दोन गुण निःसंशय मान्य केले पाहिजेत.

परंतु ही देणगी एकवारची होती. पुढील देखभाल व नूतनीकरण स्थानिक कौन्सिलांनीं आपल्या उत्पन्नांतून करावें, असें मानण्यांत आलें. १८५० च्या कायद्यांत पुस्तकें आपोआप येतील हें जसें गृहीत धरिलें होतें, तसेंच हें झालें. यंत्रें सर्वत्र एकाच सुमारास बसविलीं गेल्यामुळें तीं एकाच सुमारास जुनीं झालीं. मध्यंतरीं वाचकांची रीतही बदलली. २००२ सालची रचना मेजावरील तारेच्या संगणकासाठीं होती. दहा वर्षांत वाचक आपलें यंत्र खिशांत घेऊन येऊं लागले व त्यांस वाय-फाय हवें झालें. नेमक्या याच काळांत, २०१० नंतर, कौन्सिलांच्या खर्चास मोठी कात्री लागली व कित्येक ग्रंथालयें बंद झालीं. अखेरीस २०१५ च्या अंदाजपत्रकांत इंग्लंडांतील ग्रंथालयांच्या वाय-फायसाठीं ७१ लक्ष पौंडांची नवी तरतूद करावी लागली. ही दुसरी देणगीही एकवारचीच होती.

४. अमेरिकेची नेमणूक

अमेरिकेंत निराळा मार्ग धरिला गेला, आणि त्याचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. तेथें १९९४ सालीं शेंकडा २१ सार्वजनिक ग्रंथालयें इंटरनेटशीं जोडलेलीं होतीं. २००० सालीं हें प्रमाण शेंकडा ९५ च्या वर गेलें, असें त्या वेळच्या पाहण्यांवरून दिसतें. या वाढीस दोन गोष्टी कारण झाल्या. बिल गेट्स व त्यांच्या पत्नी यांनीं १९९७ सालीं ग्रंथालयांस संगणक पुरविण्यासाठीं २० कोटी डॉलरांचें दान जाहीर केलें, ही एक. पुढें दहा वर्षांनीं, ते संगणक जुने झाल्यावर, त्याच दात्यांस नव्या यंत्रांसाठीं पुन्हां पैसे द्यावे लागले, व त्या वेळीं स्थानिक लोकांनींही आपला वांटा घालावा अशी अट घालण्यांत आली. कार्नेगींचा दशांश या रीतीनें शंभर वर्षांनीं परत आला.

दुसरें कारण म्हणजे ८ फेब्रुवारी १९९६ रोजीं मंजूर झालेला दळणवळणाचा कायदा. त्याच्या २५४ व्या कलमान्वयें शाळा व ग्रंथालयें यांस इंटरनेटची सेवा सवलतीनें मिळावी असें ठरलें. हीच 'ई-रेट' नांवाची व्यवस्था होय. तिचा पैसा सरकारी खजिन्यांतून येत नाहीं. टेलिफोनच्या कंपन्यांवर एक पट्टी बसविलेली आहे व ती त्या बहुधा ग्राहकांच्या बिलांतून वसूल करतात. तिचा जो निधि जमतो त्यांतून ग्रंथालयाच्या बिलाचा शेंकडा २० पासून ९० पर्यंत भाग भरला जातो. ज्या भागांत गरीब मुलांचें प्रमाण अधिक त्यास सवलत अधिक. उरलेला भाग ग्रंथालयानें स्वतः द्यावयाचा. निधीची वार्षिक मर्यादा प्रारंभीं सव्वादोन अब्ज डॉलर होती.

येथपर्यंत नेमणूक सालाबाद होती खरी, पण तींत एक दोष होता, आणि तो आमच्या विषयाच्या अगदीं मर्माचा आहे. पैसे वाटतांना इमारतीपर्यंत येणाऱ्या वाटेस पहिला मान असे. इमारतीच्या आंतील स्विच, तारा, ॲक्सेस पॉइंट यांस दुसरा. पहिल्यांची भूक भागल्यावर जें उरेल तें दुसऱ्यांस. बाहेरच्या वाटेची मागणी वाढत गेली तसतसा आंतल्या यंत्रांचा वांटा आटत गेला. २०१२ सालीं आंतल्या जाळ्यासाठीं मदत मिळालेलीं ग्रंथालयें शंभरांत एक इतकींच होतीं. २०१३ व २०१४ या दोन सालीं या सदराखालीं कोणासच कांहीं मिळालें नाहीं. वेशीपर्यंत राजरस्ता आला, पण वाड्यांत शिरण्यास पाऊलवाटही धड नाहीं, अशी ग्रंथालयांची स्थिति झाली.

हा दोष दूर करण्याचें काम तेथील संघीय दळणवळण आयोगानें २०१४ सालीं केलें. निधीची मर्यादा ३ अब्ज ९० कोटी डॉलरांपर्यंत वाढविली. लहान ग्रंथालयांसाठीं सेकंदास १०० मेगाबिट, व पन्नास हजारांहून अधिक लोकांची सोय पाहणाऱ्यांसाठीं १ गिगाबिट, असें बाहेरच्या वाटेचें उद्दिष्ट ठरविलें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे आंतल्या यंत्रांसाठीं प्रत्येक ग्रंथालयास पांच वर्षांची ठराविक रक्कम नेमून दिली. ती कशी मोजावी हा प्रश्न होता. शाळेंत मुलांची संख्या मोजतां येते. ग्रंथालयाचे वाचक येतात व जातात. म्हणून ग्रंथालयाचें क्षेत्रफळ हें माप धरिलें. प्रथम दर चौरस फुटास २ डॉलर ३० सेंट व मोठ्या शहरी भागांत ५ डॉलर असा दर होता. २०१९ सालीं ही पद्धति कायम झाली व २०२१ पासूनच्या पंचवार्षिक आवर्तनासाठीं सर्वांस साडेचार डॉलर असा एकच दर ठरला. इमारत कितीही लहान असो, रक्कम २५ हजार डॉलरांहून कमी धरूं नये, असेंही ठरविण्यांत आलें.

एक उदाहरण घेऊं. दहा हजार चौरस फुटांच्या ग्रंथालयास त्या आवर्तनांत पांच वर्षांत ४५ हजार डॉलरपर्यंतचीं यंत्रें व त्यांची देखभाल या सदराखालीं मागतां येत होती. या सदरांतील अधिकांत अधिक सवलत शेंकडा ८५ आहे. ती मिळाली तर निधि ३८,२५० डॉलर देई व ग्रंथालयास ६,७५० डॉलर द्यावे लागत. रक्कम फार मोठी नाहीं. परंतु ती पांच वर्षांनीं पुन्हां मिळणार, हें ग्रंथपालास आधींच ठाऊक असतें. त्यामुळें पहिल्या सालीं तारा, दुसऱ्या सालीं स्विच, तिसऱ्या सालीं ॲक्सेस पॉइंट, असा क्रम त्यास बांधतां येतो. एकदम सर्व घेऊन एकदम सर्व जुनें होण्याचें संकट टळतें.

५. नेमणुकीचे जाच

एवढ्यावरून अमेरिकेची पद्धति निर्दोष आहे असें कोणी समजूं नये. प्रत्येक सनदेस अटी असतात, तशा हिलाही आहेत. ग्रंथालयानें आपली मागणी जाहीर करून २८ दिवस थांबावें, आलेल्या निविदा तपासाव्या, व त्यांत किंमतीस सर्वांत अधिक वजन द्यावें, असा नियम आहे. सर्व कागद दहा वर्षें राखून ठेवावे लागतात. ज्या गांवीं एकच ग्रंथपाल दार उघडण्यापासून झाडलोटीपर्यंत सर्व करतो, तेथें हा कारकुनी भार लहान नव्हे. शिवाय २००० सालच्या एका कायद्यानें, इंटरनेट किंवा आंतलें जाळें यांसाठीं सवलत घेणाऱ्या ग्रंथालयानें अश्लील चित्रें अडविणारी गाळणी बसविलीच पाहिजे, अशी अट घातली. ग्रंथालयसंघानें तिजविरुद्ध दाद मागितली, परंतु २००३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती अट कायम ठेविली. वाचकाच्या वाचण्यावर बंधन नको म्हणून कांहीं ग्रंथालयांनीं सवलत सोडून दिली.

नेमणूक कायमची असते असेंही नाहीं. वाचकांस घरीं नेण्यासाठीं वाय-फायचीं फिरतीं यंत्रें देण्याचा खर्च जुलै २०२४ मध्यें आयोगानें मंजूर केला. सप्टेंबर २०२५ मध्यें त्याच आयोगानें, सभासद बदलल्यावर, तो रद्द केला. खुद्द निधीची पट्टीच घटनाबाह्य आहे, असा दावाही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ जून २०२५ रोजीं सहा विरुद्ध तीन मतांनीं तो फेटाळला गेला म्हणून ही व्यवस्था वांचली. सनदा नव्या राजवटींत पुन्हां करून घ्याव्या लागत, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

६. हयगयीचें फळ

आतां ज्या वृत्तांताचा वर उल्लेख केला तो सांगतों. २८ ऑक्टोबर २०२३ रोजीं लंडन येथील ब्रिटिश लायब्ररीच्या जाळ्यावर खंडणीखोरांनीं हल्ला केला. ब्रिटिश लायब्ररी ही राष्ट्रीय संस्था आहे, गांवोगांवच्या ग्रंथालयांपैकीं नव्हे; परंतु जाळ्याचा न्याय दोघांस एकच. खंडणी दिली गेली नाहीं. चोरट्यांनीं सुमारें ६०० गिगाबाइट मजकूर नेला व जातांना पुष्कळ यंत्रणा नासवून टाकिली. ग्रंथांची मुख्य यादी १५ जानेवारी २०२४ रोजीं पुन्हां शोधण्याजोगी झाली. हस्तलिखितांच्या छायाप्रती त्यानंतरही दीर्घकाळ पाहावयास मिळत नव्हत्या.

मार्च २०२४ मध्यें त्या संस्थेनें आपल्याच चुकांचा जो अहवाल मोकळेपणानें प्रसिद्ध केला तो प्रत्येक संग्राहकानें वाचण्याजोगा आहे. शत्रूच्या प्रवेशाची पहिली खूण ज्या सर्व्हरवर आढळली, तो फेब्रुवारी २०२० मध्यें बाहेरील लोकांस दुरून काम करतां यावें म्हणून बसविला होता, व त्यावर ओळख पटविण्याचें दुसरें कुलूप नव्हतें. जाळ्याची रचना वर्षानुवर्षें जुन्यावर नवें चढवीत गेलेली होती. आधुनिक रचनेंत शत्रूस जितकें फिरतां आलें असतें त्याहून कितीतरी अधिक त्यास या रचनेंत फिरतां आलें. आणि पूर्वस्थिति आणण्यास जो विलंब लागला त्याचें मुख्य कारण जुनाट यंत्रणाच होत्या, कारण त्यांपैकीं कित्येक नव्या जागीं पुन्हां उभ्याच करतां येत नव्हत्या.

याच संस्थेंत इंडिया ऑफिसचें दप्तर आहे. ब्रिटिश म्युझियममधील मराठी हस्तलिखितांची ब्लुमहार्ट यांनीं केलेली यादी १९०५ सालीं, आणि इंडिया ऑफिसमधील मराठी हस्तलिखितांची ब्लुमहार्ट व कान्हेरे यांची यादी १९५० सालीं छापून निघाली. या दोन छापील याद्या ज्यांच्या कपाटांत होत्या त्यांस त्या हल्ल्याच्या दिवसांतही कोणती पोथी कोठें आहे हें पाहतां येत होतें. केवळ जाळ्यावर विसंबलेल्यास तें पाहतां येत नव्हतें. सर्व पोथ्या सुखरूप होत्या. अंतरलें होतें तें त्यांच्यापर्यंतचें दार.

त्याच दिवशीं, २८ ऑक्टोबर २०२३ रोजीं, कॅनडांतील टोरोंटो शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयावरही असाच हल्ला झाला. तेथें शंभर शाखा आहेत. शाखा उघड्या राहिल्या, पुस्तकें हातानें नोंदून देण्यांत आलीं; परंतु परत आलेलीं पुस्तकें जमा करून घेण्याची सोय बंद पडल्यामुळें सुमारें दहा लक्ष पुस्तकें मालवाहू गाड्यांत सांठवून ठेवावीं लागलीं. जाळें बंद पडलें म्हणजे कागदी पुस्तकही फिरेनासें होतें, हें यावरून दिसतें. अमेरिकेंतील आयोगानेंही जून २०२४ मध्यें शाळा व ग्रंथालयें यांच्या जाळ्यांच्या संरक्षणासाठीं तीन वर्षांत २० कोटी डॉलरांचा एक प्रयोग मंजूर केला, कारण तोंवर नेमणुकींत साध्या फायरवॉलपलीकडे संरक्षणाचा खर्च धरिलेलाच नव्हता.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, जाळ्याचा खर्च हा इमारतीच्या जातीचा नसून दिव्यांतील तेलाच्या जातीचा आहे. तो एकवार देऊन संपत नाहीं. दुसरी, नेमणूक नुसती सालाबाद असून भागत नाहीं, तींत आंतल्या यंत्रांचा वांटा वेगळा काढून ठेविला पाहिजे. नाहीं तर बाहेरची वाट तो खाऊन टाकते, जसें १९९८ पासून २०१४ पर्यंत अमेरिकेंत झालें. तिसरी, वांटा सर्वस्वी दुसऱ्याचा असूं नये. कार्नेगींचा दशांश, बडोद्याचे तीन वांटे व अमेरिकेंतील ग्रंथालयांचा स्वतःचा हिस्सा, या तिहींत एकच शहाणपण आहे : ज्याचा पैसा लागला आहे तो वस्तूची चौकशी करतो.

महाराष्ट्रांत १९६७ च्या कायद्यान्वयें सार्वजनिक ग्रंथालयांस त्यांच्या वर्गाप्रमाणें वार्षिक अनुदान मिळतें, म्हणजे सालाबादचें तत्त्व आमच्याकडे नवें नाहीं. परंतु आमच्या संग्रहांस संगणक, स्कॅनर, जाळें हें सर्व पुष्कळदां एखाद्या दात्याच्या किंवा योजनेच्या एकवारच्या कृपेनें येतें. अशी देणगी स्वीकारतांना चालकांनीं देणाऱ्यास नम्रपणें जीर्णोद्धाराच्या कलमाची आठवण करून द्यावी, असें आम्हांस वाटतें. निदान देणगीचा दशांश दरसाल कोठून येणार हें त्याच बैठकींत ठरवावें. ज्याप्रमाणें आपण रुमालांची व बाडांची यादी ठेवतों त्याचप्रमाणें राउटर, फायरवॉल, स्विच यांचीही एक वही ठेवावी : केव्हां घेतला, कोठें लाविला, कंपनी त्याची जबाबदारी कोणत्या सालापर्यंत घेते. आणि छायाप्रतींची एक प्रत जाळ्यापासून सर्वस्वी तोडून कुलपांत ठेवावी.

शेवटीं एक विनंति. गेल्या तीस वर्षांत आमच्या ग्रंथालयांत संगणक व इंटरनेट कसें आलें, पैसा कोणीं दिला, पहिलीं यंत्रें कोणतीं व तीं केव्हां बंद पडलीं, याचे कागद अद्याप जुन्या कपाटांत निविदा, बिलें व तारांचे नकाशे या रूपानें पडून असतील. ते कागद नवे म्हणून कोणी जपत नाहीं, आणि जुने होईपर्यंत ते उरणारही नाहींत. ज्यांचे संग्रहीं ते असतील त्यांनीं ते रद्दींत न घालतां एखाद्या रुमालांत बांधून ठेवावे. पुढील संशोधकास तीं अस्सल साधनें होतील.